एकतिसावी टोपी

कागद सोमवारी आला आणि गुरुवारपर्यंत जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली दाबून पडला होता. त्याच्या डोक्यावर ओला गोल डाग पडला होता. दादाने त्यावर फक्त सही करायची होती. सही केली की त्याची नोकरी राहणार होती, कंपनीचं नाव राहणार होतं, परदेशातल्या पोलिसांकडचं प्रकरण मिटणार होतं आणि सगळे आपापल्या कामाला लागणार होते. अडचण एवढीच की सहाव्या ओळीत एक वाक्य होतं: 'सदर महिला वारंवार दिलेल्या सूचनांचे पालन न करता, स्वतःच्या मर्जीने गटापासून दूर गेल्या.'

सदर महिला म्हणजे माझी वहिनी.

गुरुवारी संध्याकाळी कंपनीचे धाकटे साहेब कागद न्यायला येणार होते. दादा सकाळपासून खिडकीशी बसला होता आणि तो सही करेल की नाही, हे मला सांगता येत नव्हतं. बावीस वर्षं कंपनीने पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर त्याने न वाचता सही केली. याही कागदावर केली असती, पण मी तो मोठ्याने वाचून दाखवला. माझं तोंड गप्प बसत नाही. हा घराण्याचा दोष नाही, माझ्या एकटीचाच आहे.

दादा टूर मॅनेजर. वर्षातून सात-आठ वेळा तीस माणसं घेऊन एका लांबच्या देशात जायचं, त्यांना दहा दिवस फिरवायचं आणि तीसच्या तीस परत आणायची, हे त्याचं काम. देश इतका लांब की दोनदा विमान बदलावं लागतं, आणि आपण सकाळचा चहा पितो तेव्हा तिथे दिवेलागण झालेली असते. कंपनीच्या पुस्तिकेत त्याला 'एका देशात सात देश' म्हटलंय आणि पुस्तिकेतलं तेवढं एक वाक्य खरं आहे. पहिले दोन दिवस जुनं शहर. तिथे एका गल्लीत गालिचे धुणारे, पुढच्या गल्लीत ढोल मढवणारे, त्यापुढे काच फुंकणारे. प्रत्येकाचा देव वेगळा, भाषा वेगळी आणि पाणी मात्र एकाच हौदाचं. दादाचा तिथला ठरलेला विनोद असा, की इथला दुकानदार तुमचं स्वागत पाच भाषांत करतो आणि तुम्ही काही न घेता निघालात की सहावी भाषा ऐकायला मिळते. मग डोंगरातली विणकर गावं. मग तलाव, त्यावर तराफ्यांवर बांधलेली घरं, होडीतली शाळा. मग गरम पाण्याचे झरे. आठव्या दिवशी मिठाचं वाळवंट.

हे सगळं मला पाठ आहे, कारण दादा घरी तालीम करायचा. आमचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. माझं लग्न दीड वर्ष टिकलं आणि नवरा तापात गेला, तेव्हापासून मी इथेच; एका शाळेच्या कचेरीत टायपिंग करत निवृत्त झाले. टूर निघायच्या आदल्या दिवशी दादा आरशासमोर उभा राहायचा आणि वहिनी मागे टेबलावर त्याचे शर्ट इस्त्री करायची. तो बोलायचा, ती ऐकायची आणि मधेच इस्त्री उभी करून म्हणायची, "अहो, झऱ्यांचा विनोद तलावावर सांगितलात. आज लक्ष कुठंय?"

दादाला तिच्याइतका तो देश येत नव्हता, असं मी शपथेवर सांगेन. जिन्यात शेजारणींना ती रंगवून सांगायची. विणकर बायकांची नखं कायमची निळी असतात हो, लेकीला मागणी घालायला कुणी आले की आधी तिची नखं बघतात, जितकी निळी तितकी कामसू. एकदा खालच्या मजल्यावरच्या नव्या सूनबाईने विचारलं, "तुम्ही कधी गेला होतात, काकू?" वहिनी म्हणाली, "मी? मी इस्त्रीवरनं बघितलं."

हसलो आम्ही तेव्हा. मीही हसले. तिला त्यात काही खुपत असेल, हे माझ्या डोक्यात यायला आणखी पंधरा वर्षं लागली.

वहिनीबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी, कारण सगळं तिथेच येऊन अडतं. ती कुणाचं ऐकायची नाही. वाईट अर्थाने नाही. ती भांडायची नाही, उलट बोलायची नाही, 'हो हो' म्हणायची आणि पाठ वळली की गायब. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा दवाखान्यात तिला बाकावर बसवून मी रिपोर्ट आणायला गेले. 'इथून हलू नकोस' असं दोनदा बजावून. परत आले तर बाक रिकामा. तासाभराने सापडली दुसऱ्या मजल्यावर, एका अनोळखी म्हातारीच्या खाटेवर बसून तिला संत्रं सोलून देत होती. "एकटीच होती हो बिचारी," म्हणाली. मी चिडले, तर अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

म्हणून तो कागद इतका चोख होता. ज्यांनी ज्यांनी वहिनीला ओळखलं होतं, त्या सगळ्यांना तो पटला असता. पटलाच. जिन्यात कुजबुज झालेली मी या कानांनी ऐकली: "तशी त्यांची सवयच होती ना इकडे तिकडे जायची." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

आता दादाच्या मोजण्याबद्दल. कंपनी प्रत्येक प्रवाशाला पिवळी टोपी देते. बाकीचे मॅनेजर माणसं मोजतात. दादा टोप्या मोजायचा. तो नव्या पोरांना शिकवायचा ते हेच, की माणसं मोजू नका, माणसं हलतात, वाकतात, तोंड फिरवतात, एकच माणूस दोनदा मोजला जातो. पिवळी टोपी लांबून दिसते, चुकत नाही. बसच्या पायरीवर उभं राहायचं, शिट्टी वाजवायची, बोट फिरवत तीसपर्यंत जायचं आणि ड्रायव्हरला मान हलवायची. ऑफिसात त्याला शिट्टीमास्तर म्हणत. बावीस वर्षांत एकही माणूस त्याने मागे सोडलं नव्हतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. नसावा का?

दुसरा नियम तो पहिल्या दिवशी विमानतळावरच सांगायचा, तिथल्या बाकावर उभा राहून. "चुकामूक झाली तर जिथे आहात तिथेच थांबा. मला शोधायला निघू नका. दोघंही शोधत फिरले की कधीच भेटत नाहीत. तुम्ही फक्त थांबा, मी येतो." बावीस वर्षांत तीन माणसं चुकली होती. तिघंही थांबली, तिघंही सापडली. नियम चांगला होता. मला आजही त्या नियमात खोट काढता येत नाही.

वहिनीला न्यायचा हट्ट माझा. मॅनेजरच्या खोलीत दोन पलंग असतात, एक रिकामाच जातो. बसमध्ये मागे सामानाशेजारी दोन सीटा मोकळ्या असतात. कंपनीची परवानगी होती. दादाच टाळत होता. मी तीन आठवडे त्याचं डोकं खाल्लं. म्हटलं, सगळ्या जगाला जग दाखवतोस आणि घरात ही इस्त्रीवरनं बघते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तेव्हा तो म्हणाला, "अगं, न्यायला माझी ना नाही. पण तिथे तिला सांभाळणार कोण? हिचा पाय एका जागी ठरत नाही. मी तीस माणसं बघू की हिच्यामागे धावू?"

"ती माझी जबाबदारी," मी म्हटलं. "मी तिला समजावते."

समजावलं मी तिला. काय समजावलं, ते इथे गाळते आहे. येईल पुढे.

निघायच्या आदल्या दिवशी दादाने टोप्यांचा गठ्ठा घरी आणला आणि पलंगावर मोजला. वहिनीने एक उचलून डोक्यावर घातली, आरशात बघितली, मान वाकडी करून. "मला नाही का हो?"

"ठेव ती. तीसच मागवल्यात. तू काय गिऱ्हाईक आहेस? घरचं माणूस तू."

तिने टोपी काढून गठ्ठ्यात ठेवली आणि कडा नीट केल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट जरा खूषच झाली ती. घरचं माणूस. बावीस वर्षांनी का होईना, त्याच्या कामात ती त्याची म्हणून निघाली होती. मी तिला माझी तपकिरी शाल दिली. ती शाल परत आली. वहिनीने ती बसमध्येच ठेवली होती.

सात दिवसांत दादाच्या मोबाईलवरून तिचे तीन फोन आले. पहिल्या फोनवर ओरडतच होती, जणू फोनशिवायच इथवर ऐकू यायला हवं. "वन्सं, अहो नखं खरंच निळी आहेत!" दुसऱ्या फोनवर सांगितलं की होडीतल्या शाळेतल्या मास्तरणीने तिला आत बोलावून बसवलं, पण ती यांना विचारूनच गेली. "विचारून गेले हो मी. लिहून ठेवा कुठंतरी." तिसऱ्या फोनवर म्हणाली की ती फार शहाण्यासारखी वागतेय, इतकी की यांना संशय यायला लागलाय, बरं नाही की काय हिला. मागून दादाचं हसू ऐकू आलं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं सोडली, तर मी त्याला तसं हसताना ऐकलं नव्हतं.

आठव्या दिवशी मीठ.

पुस्तिकेत त्या पानावर फोटो आहे: वर निळं, खाली पांढरं, मधे काही नाही. बस सरळ त्या मिठावरून जाते. मधे एका ठिकाणी मजुरांनी खरवडून ठेवलेले मिठाचे ढीग आहेत, माणसाच्या उंचीचे, तिथे तासभर थांबा. तिथलं आकर्षण म्हणजे फोटो. सपाट पांढऱ्यावर लांबचं-जवळचं कळत नाही, त्यामुळे नवऱ्याच्या तळहातावर बायको उभी आहे, असा फोटो निघतो. दादा गुडघ्यांवर बसून सगळ्यांचे फोटो काढून देतो. पंधरा बायकांना हातावर उभं करायचं म्हणजे वेळ जातोच. स्वतःच्या बायकोला तळहातावर उभं करून फोटो घ्यायचं त्याला सुचलं नाही. गिऱ्हाइकांनी मागे राहायचं आणि आपण पुढे, असं कसं चालेल?

तिथे आडोसा नाही. बायका पाळीपाळीने त्या ढिगांमागे जातात. वहिनी शेवटी गेली, सगळ्या बायका होऊन गेल्यावर. तेही त्याच कारणाने. यजमानीण बाई आधी कशी जाईल? ती सगळ्यांत लांबच्या ढिगामागे गेली आणि तेवढ्यात वारा सुटला. दादाने शिट्टी वाजवली, पायरीवर उभा राहिला, बोट फिरवलं. तीस. मागच्या सीटवर, सामानाच्या बॅगांवर, माझी तपकिरी शाल पसरली होती. वहिनीला बस लागायची, ती रोज त्याच शालीखाली डोकं घालून झोपायची. दादाने शाल बघितली आणि ड्रायव्हरला मान हलवली.

पुढे दोनदा बस थांबली. दोनदा मोजलं. दोन्ही वेळा तीस, अगदी बरोबर. मागच्या लोकांना वाटलं, त्या पुढे मॅनेजरांजवळ बसल्यात. दादाला वाटलं, ती मागे झोपलीय. हॉटेलात पोचल्यावर त्याने पंधरा खोल्यांच्या पंधरा किल्ल्या वाटल्या. मग आपली सोळावी घेऊन वर गेला, दार उघडलं, बॅग ठेवली आणि म्हणाला, "अगं, चहा सांगू का?"

हे त्याने मला सांगितलेलं नाही. त्या टूरमधल्या एका बाईंनी भेटायला येऊन सांगितलं. दारासमोरच्या खोलीत त्या होत्या. त्या म्हणाल्या, तेच वाक्य त्यांना तीनदा ऐकू आलं, प्रत्येक वेळी जास्त मोठ्याने.

सूर्य मावळल्यावर मिठावर गाडी सोडत नाहीत. कडेला थर पातळ असतो, चाकं आत जातात, मागे दोन गाड्या माणसांसकट गेल्यात. नाक्यावरच्या शिपायांनी परत निघालेली बस अडवली. दादा चालत निघाला, तर ड्रायव्हरने त्याला कंबरेला धरून खाली पाडलं. उजाडल्यावर सोडलं त्यांना. दादाने एवढंच मला फोनवर सांगितलं: "ती गेली. थंडीने." आणि फोन ठेवला.

ती विमानाने परत आली. जाताना खिडकीची जागा होती तिला. येताना सामानाच्या विभागातून आली, आणि पेटीला बांधलेल्या चिठ्ठीवर नाव वाचता येत नव्हतं, पण वजन वाचता येत होतं. मी ते वाचलं आणि तो आकडा आता विसरायचा म्हटला तरी विसरता येत नाही.

त्यानंतर अठरा दिवस दादा बोलला नाही. म्हणजे 'पाणी दे', 'दार लाव' एवढं बोलायचा. मी मात्र बोलले. मनात आणि मोठ्यानेही. मी त्याला म्हटलं, "पंधरा बायकांना नवऱ्यांच्या तळहातावर उभं केलंस, आपली एक बायको बघता आली नाही?" मला वाटायचं, त्याने उलट बोलावं, माझ्यावर ओरडावं. ओरडायला त्याच्याकडे कारण होतं. ते त्याला माहीत नसेल, असं मला वाटत होतं.

मग सोमवारी कागद आला.

गुरुवारी साडेपाचला धाकटे साहेब आले. धाकटे म्हणजे मालकांचे चिरंजीव. चाळिशीचे, बूट दाराबाहेर काढणारे, वाईट म्हणता न येणारे गृहस्थ. तीन जिने चढून त्यांना दम लागला होता. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्याखालचा कागद बघितला, त्यावरचा डाग बघितला आणि बॅगेतून दुसरा, कोरा करकरीत, काढला. बरोबर एक फोटो होता.

"हा एका प्रवाशाच्या मोबाईलमध्ये सापडला," ते म्हणाले. "तुम्ही बघावा, असं वाटलं. म्हणजे मनावरचं ओझं कमी होईल."

फोटोत एक गृहस्थ हात पसरून हसत होते आणि त्यांच्या तळहातावर त्यांची बायको उभी होती. त्यांच्या मागे, खूप लांब, पांढऱ्यावर एक ठिपका. वहिनीचा निळा स्कार्फ. पाठमोरी, ढिगांकडे चाललेली.

"दिसतंय ना?" साहेब हळूच म्हणाले. "त्या स्वतःच जाताना दिसताहेत. तुमचा दोष नाही, मास्तर. तुम्ही सूचना दिलेली होती, सगळ्यांनी तसं लिहून दिलंय. वहिनींचा स्वभाव तुम्हीच आम्हाला हसत सांगायचात. आता झाल्या गोष्टीला इलाज नाही. निदान तुमचं नाव तरी राहू दे. पुढच्या महिन्यात टूर आहे, लोक तुमचंच नाव घेऊन मागताहेत."

दादाने फोटो हातात घेतला. खूप वेळ बघितला. वहिनीचा त्या देशातला तेवढा एकच फोटो होता. मग म्हणाला, "साहेब, तुम्ही मिठावर गेलायत कधी?"

"नाही. म्हणजे, जायचं आहे."

"मिठावर पाऊल उमटतं. वरचा थर मोडतो आणि ठसा राहतो, पुढचा पाऊस येईपर्यंत. मी लोकांना सांगतो हे. विनोद आहे माझा त्यावर एक." त्याने फोटो टेबलावर ठेवला. "सकाळी आम्ही गेलो तेव्हा ती बस उभी होती तिथेच होती. बसच्या चाकांच्या खुणांवर. शेवटच्या ढिगापासून तिथपर्यंत तिची पावलं, धावत आलेली, लांब लांब टाकलेली. त्यानंतर पुढे एकही पाऊल नाही."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला आत जायचं होतं, पण जमलं नाही.

"एकही नाही?" साहेब म्हणाले.

"गोल होते. थंडी वाजायला लागल्यावर ती चालली असणार. एवढ्याशा जागेत, या टेबलाभोवती फिरावं तेवढ्यात. गोल गोल. इतकी चालली, की मीठ दबून पायवाट झाली होती घोट्याएवढी खोल. गोलाच्या बाहेर पाऊल नाही, साहेब. एकही. मी चहूबाजूंनी बघितलं. मला वाटत होतं, एक तरी असावं."

त्याने बोटाने जुन्या कागदावर एक गोल काढला, पाण्याच्या डागावरूनच.

"समोर मजुरांचं खोपट होतं. चालत वीस मिनिटं. धूर दिसत होता त्याचा. तिथली बाई आली होती सकाळी. ड्रायव्हरने विचारून घेतलं तिला. ती म्हणाली, संध्याकाळी काम उरकून जवळून जाताना आम्ही हात केला त्या बाईंना, त्यांनीही हात केला. या म्हणून खुणावलं. तर त्यांनी खाली बोट दाखवलं, इथेच. मग लांब रस्त्याकडे दाखवलं आणि हसल्या. माझा माणूस येतोय, अशी खूण केली. अंधारात दिसेनाशा झाल्या, तेव्हा आम्हाला वाटलं, आला असेल."

साहेबांनी चष्मा काढला. खाली कुणीतरी बादली ओढत होतं, त्याचा आवाज जिन्यातून वर येत होता.

"आयुष्यात तिने माझं एकच ऐकलं," दादा म्हणाला. "आणि तुम्ही लिहिताय, सूचनांचे पालन न करता."

"मास्तर, शब्द आपण बदलू. पण तुम्ही समजून घ्या. सही नाही केलीत, तर मग चूक कुणाची, असं विचारतील. तिथले पोलीस विचारतील. तुमचं बावीस वर्षांचं..."

"बावीस वर्षं टोप्या मोजल्या मी," दादा म्हणाला. "टोप्यांचा फॉर्म मी भरला होता. तीस म्हणून. ती म्हणाली होती, मला नाही का."

त्याने करकरीत कागद उलटा केला. पाठीमागे, माझ्या पेनाने, मोठ्या अक्षरात लिहिलं: 'ती सांगितल्या जागी थांबली होती. मी तिला मोजलं नाही.' खाली सही केली. बावीस वर्षांत एका कागदावरचा मजकूर त्याने पहिल्यांदा स्वतः लिहिला. मग गळ्यातली शिट्टी काढली. ती अजून त्याच्या गळ्यात आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, शर्टाच्या आत होती. ती कागदावर ठेवून दोन्ही वस्तू साहेबांपुढे सरकवल्या.

साहेबांनी कागद घडी न करता बॅगेत घातला, शिट्टी खिशात घातली आणि फोटो तिथेच ठेवून ते उठले. बूट घालताना म्हणाले, "वडिलांना काय सांगू?" त्यावर दादाने फक्त दार धरलं.

मला हवं होतं तेच झालं होतं. चार दिवस मी देव पाण्यात घालून बसले होते, की त्याने सही करू नये. माझी वहिनी खोट्याने बदनाम होऊ नये. झाली नाही. आता नोकरी गेली, चौकशी लागेल, कदाचित त्याला तिकडे बोलावतील आणि परत पाठवणार नाहीत. ते सगळं उद्यापासून. पण मला हलकं वाटलं नाही. कारण दादा एक गोष्ट चुकीची बोलला होता आणि ती मला एकटीलाच माहीत होती. आयुष्यात तिने त्याचं ऐकलं नव्हतं.

मी त्याच्यासमोर बसले. "दादा," म्हटलं, "तुझ्या सांगण्याने नाही थांबली ती. तुझं तिने कधी ऐकलंय? मी शपथ घातली होती तिला. निघायच्या दिवशी, इथेच, या टेबलाशी. दादा थांब म्हणाला, की तिथून एक पाऊल हलायचं नाही, हललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. असं म्हटलं मी तिला. चेष्टेत नाही, चांगलं हात धरून."

तो फोटोकडेच बघत होता. "माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"तिनेच. विमानात. हसत होती. म्हणाली, वन्संनी त्यांचा जीव माझ्या पायाला बांधून पाठवलाय, आता पाऊल जपून टाकायला हवं. होडीतल्या शाळेत जाताना विचारायला आली, तेव्हाही म्हणाली, हो म्हणा लवकर, नाहीतर वन्सं जातील."

"मग इतके दिवस मला बोलला का नाहीस?"

"काय बोलू?" दादा म्हणाला. "तूही तिचीच होतीस."

तो उठला आणि तांब्या भरून आणायला आत गेला. मी तिथेच बसून राहिले. माझं वय त्रेसष्ट आहे. गुडघे सोडले, तर तब्येत उत्तम आहे.